सात वाजताची विनंती

ये गं, जरा जवळ सरक. तू मुलुंडला आणि मी अंधेरीला, पण समज की माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावरच बसली आहेस. परवा तू फोनवर म्हणालीस, "काकी, या डिसेंबरमध्ये श्वास घ्यायलाही वेळ नाही, प्रार्थना आता नाताळ झाल्यावर." वर हसलीस. मला हसू आलं नाही. रागावत नाही मी, पण असं बोलू नकोस. हे तुझ्या काकीने करून पाहिलंय, आणि त्याचं काय झालं ते तुला कोणी सांगितलेलं नाही.

तुझी आत्या खुबा मोडून अंथरुणाला खिळली, तेव्हापासून नाताळच्या आधीचे नऊ दिवस आमचा नोव्हेना, ती नऊ दिवसांची प्रार्थना, फोनवरच. ती बोरिवलीत, मी इथे. वयाने ती मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. नात्याने मी मोठी, म्हणून ती मला वहिनी म्हणते. सात वाजले की तिचा फोन. ती एकेक विनंती बोलायची, आजाऱ्यांसाठी, नोकरी नसलेल्यांसाठी, तुझ्या काकांच्या आत्म्यासाठी. प्रत्येकीनंतर मी म्हणायची, "प्रभू, आमची विनंती ऐक." इतकं साधं.

आमच्या बिल्डिंगची रीत तुला माहीत आहे. दिवाळीत घराघरातून फराळाच्या ताटल्या येतात आणि त्या मी लगेच परत करत नाही. डब्याखाली रचून ठेवते आणि नाताळात भरून पाठवते. गेल्या वर्षी रास जरा जास्तच उंच झाली. प्रत्येकीला नाताळचे ते गोड, तळलेले कुलकुल हवेत, करंज्या हव्यात. तिसऱ्या मजल्यावरची तर डिसेंबर लागल्यापासून जिन्यात अडवायची, "काकी, आमची ताटली आठवणीत आहे ना?" आणि मला ते आवडायचं गं, खोटं कशाला बोलू. माझ्या हातची वाट बघतात लोक, याचा एक माज असतो.

तर सात वाजता मी फोन स्पीकरवर टाकून पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची. काट्याच्या पाठीवर कुलकुल वळायचे, कढईतले हलवायचे आणि ताई थांबली की आपलं वाक्य म्हणायचं. चार दिवस असेच गेले. हातही चालतोय, तोंडही चालतंय. मला वाटलं, छान जमलं.

पाचव्या दिवशी ताई बोलली. ऐकू आलं नाही असं नाही, तिचा आवाज कानावर पडत होता. ती थांबली आणि मी म्हटलं, "प्रभू, आमची विनंती ऐक." पलीकडे काहीच नाही. मला वाटलं संपलं. म्हटलं, "आमेन. ठेवू का गं ताई? तेल तापलंय."

"ठेव," ती म्हणाली.

सहाव्या दिवशी फोन आला नाही. तुला सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. एक घाणा जास्त निघेल, हाच पहिला विचार. सातव्या दिवशी तिच्याकडच्या बाईने कळवलं की ताईंना प्रार्थना नको आहे. मी म्हटलं, दुखत असेल कंबर, नाताळला जाणारच आहे. तोवर काही गेले नाही.

नाताळच्या सकाळी चर्चमधली मिस्सा झाली आणि सगळ्यात मोठी ताटली घेऊन मी बोरिवली गाठली. ताईने ताटली बाजूला ठेवली. मी विचारलं, नोव्हेना का सोडलास? तिने पांघरुणाची कड सरळ केली.

"वहिनी, त्या पाचव्या दिवशी मी तुला सांगत होते गं, की आता पलीकडे कोणी ऐकतंय असं मला वाटत नाही. भीती वाटते, असंही म्हटलं. तू मला पुस्तकातलं उत्तर दिलंस."

मग तिने एक कुलकुल तोंडात टाकला. "खुसखुशीत झालेत हो," म्हणाली.

तेव्हापासून दर गुरुवारी जाते तिच्याकडे. ती मालिकेबद्दल बोलते, गुडघ्यांबद्दल बोलते. मी निघताना कपाळाला हात लावून क्रूसाची खूण केली की ती मान खिडकीकडे फिरवते. जन्मभर जिने सगळ्या घराला गुडघे टेकायला शिकवलं ती बाई. तिचं मन कधीपासून असं कोरडं पडलं होतं कोण जाणे, पण तिने ते एकदाच, एकाच माणसाला सांगितलं, आणि ते माणूस तळण काढत होतं. रविवारी चर्चमध्ये सगळे ते वाक्य म्हणतात तेव्हा मी क्षणभर मागे राहते. आत्ता काय मागितलं, ते मी ऐकलं का, असं स्वतःला विचारते. बहुतेक वेळा ऐकलेलं नसतं.

यंदा तिसऱ्या मजल्यावरचीला सांगून टाकलंय, ताटल्यांत केळी येतील. ती म्हणाली, "काकी, रिकामी दिलीत तरी आमचीच आहे." इतक्या वर्षांत मी कोणाला विचारलंच नव्हतं.

नऊही दिवस सात वाजता मी ताईच्या खाटेशी बसणार आहे. ती प्रार्थना करो न करो. बोलली तर ऐकीन, नाही तर नुसती बसेन. भीती मलाही वाटते, की आता ती मला काही सांगणारच नाही.

तू लहान होतीस तेव्हा तिच्याच मांडीवर जपमाळ ओढायचीस. तुझ्याशी कदाचित बोलेल. म्हणून म्हणते, नाताळ होण्याची वाट बघू नकोस, त्याआधी ये. केक आणू नकोस, काही आणू नकोस. एक संध्याकाळ मोकळी ठेवून ये. मी इथून निघेन, तू तिथून नीघ, आणि आत्याच्या दारात भेटू. लवकर ये गं.