खिडकीत ठेवलेली बाटली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट कळत नाही.

राज्य नवं झालं आणि रायपूर राजधानी झाली, त्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. जनावरांना टोचलेली औषधं दुधात उतरली आहेत का, हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी होते. तात्यापाऱ्यातून सायकलनं जायची. नवी मशीन आली तेव्हा वाटलं, ती माझीच. माझ्याइतकी जुनी तिथं होतं कोण?

साहेबांनी ती वैशालीला दिली. वैशाली माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आमच्यासारखीच नागपूरकडची, रेल्वेतल्या माणसाची पोट्टी. हात असा, की पाच वेळा वजन केलं तरी शेवटचा आकडा हलायचा नाही. माझा हलायचा. साहेब सगळ्यांसमोर म्हणायचे, हाथ देखो इसका. मी बघायची — आणि हसायचीसुद्धा.

मशीनला आधी खरं माप दाखवावं लागतं. त्यासाठी बाहेरून शुद्ध औषधाची पावडर यायची, प्रमाण लिहिलेली. तिचं द्रावण करायचं आणि दुधाची तुलना त्याच्याशी. द्रावणच उष्णतेनं कमजोर पडलं, तर मशीन थोड्यालाही जास्त समजते आणि चांगलं दूधही दोषी दिसतं. म्हणून ते फ्रीझरमध्ये, कुलपात. चावी वैशालीकडे.

मे महिन्यातल्या एका शनिवारी द्रावण करून ती लवकर घरी गेली. चावी टेबलावरच राहिली होती. मला दुसरी बाटली हवी होती — कुलूप उघडलं, तिची बाटली बाजूला काढली आणि परत ठेवायला विसरले. इतकी वर्षं मी स्वतःलाही हेच सांगितलं.

विसरले नव्हते. बाटली हातात घेऊन मी उभी होते. मग ती उन्हाच्या खिडकीत ठेवली. सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन परत आत ठेवली, चावी होती तिथंच टेबलावर.

मला काय हवं होतं? तिचा एक आकडा चुकावा. एवढंच? माहीत नाही.

त्या आठवड्यात अभनपूरच्या एका बाईचं दूध दोषी ठरलं. सोसायटीनं तिचं दूध घेणं बंद केलं. ती आमच्या दारापर्यंत आली. मोर गाय ला सूजी नइ लगे हे, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होती — गाईला इंजेक्शन दिलंच नाही म्हणून. मी पाणी दिलं तिला. बाटलीबद्दल मात्र अक्षर काढलं नाही.

राखून ठेवलेला नमुना दुसरीकडे तपासला तेव्हा दूध स्वच्छ निघालं. तोवर तिनं गाय विकली होती.

द्रावण कमजोर पडलेलं निघालं, आणि चौकशी वैशालीची झाली. तिनं मला जिन्यात गाठलं.

"ताई, शनिवारी मी गेल्यावर तुम्ही होत्या ना? बाटली बाहेर दिसली होती काय?"

"मले नाही दिसली. चावी तर तुझ्यापाशीच राहते."

ती हळूच म्हणाली, "माझ्याच हातून आत ठेवायला उशीर झाला असंन मग. इतकी कशी मी येडी?"

आणि मी — मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "होते असं कधी कधी."

तिला नमुन्यांच्या नोंदवहीवर बसवलं. मशीन मला मिळाली. मी खूश होते, हेही सांगते. कितीतरी दिवस होते. वर्षभरानं तिनं नोकरी सोडली. आता चौबे कॉलनीत गणिताच्या शिकवण्या घेते. बाजारात भेटलो की विचारपूस करते. मागच्या खेपेला तिच्या मुलीनं विचारलं, मम्मी, आपने लैब क्यों छोड़ी थी? वैशाली माझ्याकडे बघून हसली, म्हणाली, "चूक झाली होती माझ्याकडून. या ताईनंच तेव्हा धीर दिला."

मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि मान हलवून हव म्हणाले.