ढब्बू आणि ‘ये’ हा शब्द

निवृत्त होऊन वर्ष उलटलं तरी त्यांना सगळे फोरमनच म्हणत. भाजीवाला म्हणे, खालच्या मजल्यावरचे शेजारी म्हणत, आणि रागात असली की बायकोही म्हणे. पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. बावीस लेथ एकदम घरघरत असताना हाक मारायची तर आवाज पोटातूनच काढावा लागतो. तो आवाज ते घरीही घेऊन आले. कारखान्यात त्यांनी “ये इकडे” म्हटलं की एकवीस जणांचा जीव भांड्यात पडे आणि एकाचं तोंड उतरे. शाबासकी द्यायला त्यांनी कधी कुणाला बोलावलं नाही. काम चांगलं झालं तर त्यात सांगायचं काय, असं त्यांचं म्हणणं.

ढब्बू त्यांच्या लेकीचा. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, तिथल्या भाड्याच्या खोलीत कुत्रा चालणार नव्हता, म्हणून आठ महिन्यांचा तो तपकिरी गोळा आईवडिलांकडे राहिला. निघायच्या दिवशी ती बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, “बाबा, एकच सांगते. ‘ये’ म्हणून बोलावलंत की त्याला रागवायचं नाही. काहीही करून आलेला असला तरी. रागवायचं असेल तर तुम्ही उठून त्याच्याजवळ जा.”

“मला शिकवू नकोस,” फोरमन म्हणाले. “मी माणसं सरळ केलीत, हे तर कुत्रं आहे.”

ती दुसऱ्या बुटाची नाडी बांधू लागली. त्यांच्याशी बोलताना ती नेहमीच पुढचं वाक्य गिळून टाकायची.

एक मात्र मान्य करायला हवं, फोरमननी शिकवलं ते मन लावून. स्वयंपाकघराच्या दारावर त्यांनी मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: बस, थांब, सोड, खाली, जागेवर, ये. एका गोष्टीला एकच शब्द, आणि घरात सगळ्यांनी तोच वापरायचा. बायकोला ते काही जमेना. ती म्हणायची, “बस रे राजा, बस ना जरा, किती नाचतोस.”

“अगं, त्याला भाषण नको देऊस. बस म्हण, आणि गप्प राहा.”

रोज सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. शब्द एकदाच म्हणायचा, ढब्बूनं ऐकलं की लगेच बिस्किटाचा तुकडा. पंधरा दिवसांत तो ‘बस’ शिकला. इतका पक्का शिकला की पाहुण्यांना चहा ओतताना कुणी “बस, बस” म्हणालं, की तो टेबलाखाली ताडकन बसायचा आणि बिस्किटासाठी मान वर करायचा. ‘सोड’ म्हटलं की तोंडातली चप्पल सोडायचा. ‘खाली’ म्हटलं की सोफ्यावरून उतरायचा, तोंड वाकडं करून का होईना. आणि ‘थांब’ तर असा की दार सताड उघडं असलं तरी उंबऱ्याशी खिळल्यासारखा उभा. शेजारी बघायला येत. फोरमनची मान ताठ होई.

‘ये’ त्यांनी वेगळा शिकवला नाही. बोलावल्यावर यायचं, यात शिकवायचं काय? पहिले काही दिवस तो येतही होता, कान उडवत, पाय घसरत. एकदा त्यानं शेजारच्या काकूंची कुंडी उकरली. फोरमन जिन्यात उभे राहून गरजले, “ये इकडे.” तो आला, आणि त्याच्या नाकावर गुंडाळलेलं वर्तमानपत्र बसलं. मग अंघोळीला ‘ये’. कानात औषध घालायला ‘ये’. बागेत दुसऱ्या कुत्र्यांशी खेळ ऐन रंगात आला असताना ‘ये’, आणि आला की गळ्यात पट्टा, चला घरी.

तीन महिन्यांत तो शब्द ऐकला की ढब्बूचे कान मागे जाऊ लागले. तो येई, पण भिंतीच्या कडेनं, पोट जमिनीला लावून. फोरमन बायकोला दाखवत, “बघ, चोराला कळतंय चोरी केली ते.”

“आज तर त्यानं काहीच केलेलं नाही,” ती म्हणाली. फोरमननी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

थंडीतली सकाळ होती. पाव घेऊन दोघं परत येत होते. फोरमननी पिशवी या हातातून त्या हातात घेतली तेवढ्यात पट्ट्याचा खटका निसटला. ढब्बू वीसेक पावलं पुढं गेला आणि फुटपाथच्या कडेला कसलासा कागद हुंगत उभा राहिला. वळणावरून धोब्याची गाडी येताना फोरमनना दिसली. ‘थांब’ म्हणायचं होतं. तो शब्द ढब्बूला झोपेतही कळला असता. पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून सवयीचंच बाहेर पडतं. कारखान्यातल्या त्या आवाजात ते ओरडले, “ये इकडे!”

ढब्बूनं त्यांच्याकडे पाहिलं. कान मागे गेले, शेपूट पोटाखाली गेलं, आणि तो त्यांच्यापासून लांब, थेट रस्त्यात पळाला.

गाडीवाल्यानं ब्रेक मारला म्हणून जीव वाचला. मागचा उजवा पाय मात्र गेला. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई आत काम करत होत्या. कंपाउंडर कागद भरताना सहज म्हणाला, “बोलावल्यावर येत नाही वाटतं हा?”

“येत होता,” फोरमन म्हणाले. मग बराच वेळ ते हातातल्या रिकाम्या पट्ट्याचा खटका लावत आणि काढत बसले. पावांची पिशवी रस्त्यातच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी लेक आली. ढब्बूचं डोकं मांडीवर घेऊन ती दुपारभर जमिनीवर बसली. “तरी सांगितलं होतं” असं ती म्हणेल याची फोरमन वाट बघत होते. निदान तेवढं तरी तिनं म्हणावं असं त्यांना वाटत होतं. ती ढब्बूच्या कानामागं खाजवत राहिली. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात कप विसळत होती, तेव्हा तेच दाराशी जाऊन उभे राहिले.

“तुला कसं माहीत होतं?” त्यांनी विचारलं. “ते ‘ये’चं. पुस्तकात वाचलं होतंस?”

तिनं नळ बंद केला. “पुस्तकात नाही, बाबा.” तिनं कप पालथा घातला. “तुम्ही बाहेरच्या खोलीतून हाक मारली की मी दाराआडच थांबायचे. मी आधी आठवायचे, आज काय केलंय. नाही आठवलं तर जास्त भीती वाटायची.”

“मी तुला कधी हात लावला नाही.”

“नाही लावलात,” ती म्हणाली. “पण कधी उगीच बोलावलंतही नाही. हे बघ काय आणलंय, असं म्हणायला.”

फोरमननी आठवून पाहिलं. तिचं प्रगतिपुस्तक आठवलं, फुटलेला थर्मास आठवला, मैत्रिणीकडे झालेला उशीर आठवला. उगीच मारलेली एक हाक ते शोधत राहिले. तिची माफी मागावी असं त्यांच्या मनात आलं, पण तो शब्द त्यांनी आयुष्यात कधी वापरला नव्हता आणि आता तो सापडेना. ते म्हणाले, “मग आता याचं काय करायचं?”

“तो शब्द नासला,” ती म्हणाली. “परत नाही दुरुस्त व्हायचा. दुसरा घ्या. ‘इथं’ म्हणा. हळू म्हणा. आला की नुसते लाड करायचे, दुसरं काही नाही.”

ती गेल्यावर फोरमननी दारावरच्या कागदातला शेवटचा शब्द खोडला. अवघड होता तो ‘इथं’. त्यांच्या पोटातून तो निघायचा तो दमदाटी होऊनच. मग ते न्हाणीघराचं दार लावून आवाज उतरवायचा सराव करत. बाहेरून बायको हसायची, आणि एकदा हसता हसता तिनं डोळे पुसले.

ढब्बू तीन पायांवर आणखी सात वर्षं जगला. बायकोनं नुसती जीभ टाळ्याला लावली तरी तो उड्या मारत तिच्याकडे जाई. फोरमन जमिनीवर बसत, हात उघडा ठेवत, आणि हळूच म्हणत, “इथं.” तो येई. पण हातभर अंतरावर थांबून आधी त्यांच्या तोंडाकडे बघून घेई. बिस्किटं झाली, लाड झाले, सात वर्षांत त्यांनी एकदाही त्याच्यावर आवाज चढवला नाही. ते थांबणं काही गेलं नाही. फोरमन ते बघत आणि गुडघे दुखेपर्यंत तसेच बसून राहत.

दर रविवारी ते लेकीला फोन करू लागले. पूर्वी फोन बायकोच करायची. त्यांचा आवाज ऐकला की तिकडून पहिला प्रश्न यायचा, “काय झालं, बाबा?”

“काही नाही गं. सहजच.”

बोलावं काय हे दोघांनाही कळत नसे. फोरमन हवापाणी विचारत, ढब्बूनं दिवसभर काय केलं ते सांगत, आणि फोन बायकोकडे देत. तिच्याशी बोलताना लेकीचा आवाज मोकळा होई, हसणं फोनबाहेर ऐकू येई. तेवढा वेळ फोरमन तिथंच खुर्चीवर, ढब्बूच्या पाठीवर हात ठेवून बसून असत.