भुईमुगावरचा ड्रम

मामांचा, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा मी बारामतीत, ऑफिसच्या जिन्यात होते. "आत्या गेली गं तुझी," एवढंच म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर भुईमुगात थांबलेला ड्रम आला.

पळसदेवहून, आत्याच्या गावाहून, परतून मला आठवडाही झाला नव्हता. हृदयाचं दुखणं निघाल्यापासून डॉक्टरांनी आत्याला ओढाओढीचं काम बंद केलं होतं. मामा कामाला इंदापूरला गेले की लक्ष ठेवायला रजा काढून आलेली मी होते. पण घरामागचा भुईमूग फुलावर होता. त्याचं फूल वर उमलतं, शेंग मात्र मातीत धरते. फूल सुकलं की तिथून सुईसारखी आरी निघते आणि जमिनीत शिरते. वरच्या फांद्यांच्या आऱ्या पोचत नाहीत, हवेतच वाळतात. म्हणून पिकावरून रिकामा ड्रम लोळवून फांद्या मातीला टेकवायच्या. त्याचे दिवस थोडेच असतात.

त्या सकाळी आत्याने ड्रमला दोर बांधला. मी "आत्या, नको ना," म्हणाले, तेही हळूच.

"मग तू वढ. का इंग्रजी शाळंत नुसतं बघायला शिकवत्यात?"

मी दोर घेतला. ती बांधावर बसेल असं वाटलं होतं, पण शेजारून चालत राहिली. हिरवी रोपं ड्रमखाली आडवी होताना मला बघवेना. "दाब, मरत न्हाय ती," म्हणायची आणि मध्येच थांबून दम घ्यायची. मी तिच्या ओठांचा रंग बघत होते. वळणावर ड्रम अडला, तशी मी नको म्हणायच्या आत तिने दोराला हात घातला... आणि मामांची गाडी आली.

"डॉक्टर काय म्हनालं हुतं?"

"डॉक्टर मला म्हनालं, भुईमुगाला न्हाय."

मला आलेलं हसू मामांचा चेहरा बघून मी गिळलं. बांधालगतची एकच पट्टी राहिली होती. "एवढं हुंदे," आत्या म्हणाली. मामांनी दोर सोडून खांद्यावर टाकला. "न्हाय म्हंजी न्हाय. घरी चल." ती घरी गेली. मी निघेपर्यंत मामांशी एक शब्द बोलली नाही.

ती वारल्यावर डॉक्टर म्हणाले, हे कधीही झालं असतं. तरी तिने मागाहून ड्रम ओढला होता का, हे मामांना विचारायचा धीर मला झाला नाही.

दोन महिने लोटले; परवा भुईमूग काढायला गेले. ड्रम फिरला होता तिथे झाड उपटलं की शेंगांचा घोस वर यायचा. बियाण्याच्या शेंगा मामा न फोडता बाजूला टाकत होते. दाण्याचं लाल साल खरचटलं तर तो उगवत नाही. मग ती राहिलेली पट्टी आली. बुडाशी दोन-चार शेंगा आणि वर नुसत्या आऱ्या, काळ्या पडून वाळलेल्या. उपटलेलं झाड मामा हातातून खाली ठेवेनात.

"शेवटपत्तोर बोलली न्हाय गं माझ्यासंगं," ते म्हणाले. "एवढ्यासाठी."

ते झाड मामांनी ढिगात टाकलं नाही. आत्याच्या खोलीत खुंटीला टांगलंय. शेंगा तोडल्यात... आऱ्या तशाच आहेत.