हळदीला बनियन

१९७६ सालचा फेब्रुवारी. सांगलीच्या दवाखान्यात रक्ततपासणीचे राहिलेले पासष्ट रुपये भरून मी आत गेलो, तेव्हा खोलीत डॉक्टर, माझा धाकटा भाऊ आणि त्याचे तासगावकडचे होणारे सासरे बसले होते. सासऱ्यांना मीच बोलावलं होतं. त्या रागात भाऊ साताऱ्यापासून एसटीत माझ्याशी बोलला नव्हता.

दिवाळीपासून तो वाळत चालला होता. भाकरी दुपटीनं खायचा, तरी सदरा लोंबायचा. हात कापायचे, थंडीतही घाम यायचा. आमच्याकडं पुरुष माणसं विहिरीच्या पाइपाखाली उघड्या अंगानं अंघोळ करायची, एकमेकांची पाठ चोळायची, हसायची. ते गार पाणी अजून आठवतं. भावानं तिथं यायचं सोडलं. शेवटी गोठ्यात त्यानं मला सदरा वर करून दाखवला. छाती वयात येणाऱ्या मुलीसारखी फुगली होती.

"दादा, लग्न मोड. हळदीला उघडं बसाय लागतं. मी बसणार न्हाई."

लपवून लग्न लावायचं नाही, एवढं मात्र मी ठरवलं.

डॉक्टरांनी मागच्या खेपेलाच त्याच्या पसरलेल्या बोटांवर कागद ठेवून थरथर पाहिली होती. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जोरात चालली आहे, हे त्यांनी ओळखलं. आता मुंबईहून रक्ताचा कागद आला होता. तो बघून ते म्हणाले, "पुरुषी हार्मोन नेहमीपेक्षा जास्त आहे."

सासरे हसले. "जास्त हाय? मग छाती अशी का?"

"रक्तात एक प्रथिन असतं," डॉक्टर म्हणाले. "हार्मोन त्याला चिकटून फिरतं. चिकटलेलं काम करत नाही, सुटं असेल तेवढंच करतं. थायरॉईड जोरात चाललं की यकृत हे प्रथिन फार बनवतं. पुरुषी हार्मोन त्याला घट्ट धरून बसतं. बायकी हार्मोन पुरुषाच्या अंगातही थोडं असतंच, ते तेवढं अडकत नाही. म्हणून सुट्यात त्याचं पारडं जड होतं."

सासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "म्हंजे कारखान्याला नोंदलेला ऊस. रानात उभा दिसतोय, पण आपल्या गुऱ्हाळाला घालता येत न्हाई."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले.

"मग नोंद सुटती कवा?"

"गोळ्या नेमानं घेतल्या तर काही महिन्यांत थायरॉईड ताळ्यावर येईल. छातीला वेळ लागेल. बरीचशी उतरेल, सगळी उतरेलच असं सांगत नाही."

भाऊ खाली बघून म्हणाला, "हळद बनियनवरनं लावा, मग बघू."

"आवं पाव्हणं," सासरे म्हणाले, "आमच्यात बनियनला हळद लावत न्हाईत, जावयाला लावत्यात. हा वैशाख जाऊ द्या. पुढच्या वैशाखात धरू."

परतीच्या एसटीत भावानं माझ्याकडचे शेंगदाणे मागून घेतले. आमचं भांडण तिथंच मिटलं.

वर्षभर गोळ्या चालल्या. अंग भरलं, हात थांबले. छाती उतरली, पण डावीकडं सुपारीएवढी गाठ राहिली. हळदीसाठी त्यानं नवा बनियन आणला आणि घालूनच मांडवात आला. उष्टी हळद नवरीकडं न्यायला सासऱ्यांकडून बायका आल्या होत्या. पाटावर बसल्यावर तो घटकाभर माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं बनियन काढला आणि माझ्या हातात दिला. माझ्या बायकोनं पहिली हळद लावली, डाव्या बाजूलाच. बायका गाणं म्हणत राहिल्या.

आमच्याकडं नवरदेवाचे हळदीचे कपडे मानानं परटिणीला जायचे. संध्याकाळी ती आली, धोतर घेतलं आणि म्हणाली, "आन् बनियन? नवा आणला म्हनं."

"त्याला हळद लागली न्हाई," भाऊ म्हणाला. "तो मी घालणार."

"मग माझं नुकसान की वं."

तेव्हा बनियनचे साडेतीन रुपये त्यानं स्वतःच्या खिशातून परटिणीला दिले.