कॅनोपीवरचं दुसरं भोक

या सदरातल्या निम्म्या हकिगती मला शुद्ध थापा वाटतात आणि उरलेल्या अपचनाच्या. पांढरी साडी, उलटे पाय... काय ती अक्कल! तरी लिहितोय, कारण एक गोष्ट इतकी वर्षं माशाच्या काट्यासारखी घशात अडकली आहे.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. रत्नागिरीला सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या धावपट्टीवर आमच्या क्लबचं ग्लायडरचं शिबिर होतं. मी मूळचा संगमेश्वरचा, मुंबईत विमानांच्या काचा दुरुस्त करायचो. ग्लायडरची कॅनोपी — म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं झाकण — तिला वीतभर तडा गेला होता. दुसरी कॅनोपी नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उडणार होता माझा सख्खा धाकटा भाऊ, सुधीर.

तडा पुढे पळू नये म्हणून त्याच्या टोकाला बारीक भोक पाडतात. अ‍ॅक्रिलिकसाठी ड्रिलचं बिट, म्हणजे भोक पाडायचं पातं, मुद्दाम बोथट करावं लागतं, नाहीतर कडेचे टवके उडतात. तसं बिट तिथे एकच होतं, माझं.

मी भोक पाडलं. ग्लायडर ठेवलेल्या शेडचा राखणदार गंगाराम मागे उभा होता. पूर्वी होड्या बांधायचा. आता हात इतके थरथरायचे की चहा तोंडात कमी आणि सदऱ्यावर जास्त. म्हणाला, "सायेब, तडा दिसतो तितंच संपत नाय. आनखी चार बोटं फुडं भोक मारा."

"नाना, ही होडी नव्हे. तुम्ही आपला दरवाजा सांभाळा!" चारचौघांत म्हणालो. सगळे हसले, सुधीरसुद्धा.

बिट पुसलं, खिशात टाकलं. शेडला स्वतः कुलूप घातलं, किल्लीही खिशात. मग आम्ही सगळे समोरच्या काजूखाली जेवायला बसलो, गंगाराम माझ्या शेजारी. शेडला दरवाजा एकच, तोही डोळ्यांसमोर. अर्ध्या तासाने कुलूप काढलं तर... माझ्या भोकापुढे बरोबर चार बोटांवर दुसरं भोक! नितळ. एक टवका नाही.

"कुणाचे धंदे आहेत हे?" मी गंगारामवरच भडकलो.

"तुमच्या बाजूलाच जेवलो ना, सायेब?" त्याने दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते. मी खिशातलं बिट काढलं. पुसून ठेवलेलं असूनही त्याच्या खाचेत पांढरी पूड होती.

चरफडत दोन्ही भोकांवर पट्टी लावली. सकाळी सुधीर उडाला. उतरला तेव्हा चेहरा पांढराफटक. वर असताना 'कट्' असा आवाज झाला होता म्हणे. बघतो तर तडा माझ्या भोकाला न जुमानता पुढे धावला होता आणि त्या दुसऱ्या भोकात येऊन थांबला होता. ते नसतं तर कॅनोपी सुधीरच्या तोंडावर फुटली असती.

"नाना, चुकलो मी," गंगारामला म्हणालो.

"सुधीरभाव उतरले ना? मंग झालं."

लोकांनी लगेच देवाधर्माच्या, भुताखेताच्या गप्पा सुरू केल्या. मूर्ख कुठले! भुताला बिट बोथट करायला कुणी शिकवलं? सुधीर आता आजोबा झालाय. मला एवढंच ठाऊक आहे, की माझं भोक चुकीच्या जागी होतं.