शालन कुणाच्या यादीत होती?

आमच्या घरात दूध फक्त दोघी घरी असतानाच उतू जायचं. मी एकटी असले तर नाही, सासूबाई एकट्या असल्या तरी नाही. दोघी असलो की मला वाटायचं शेगडीपाशी त्या आहेत, त्यांना वाटायचं मी आहे, आणि दुधाला मोकळं रान मिळायचं.

मृण्मयी, तू लिहिलंस की कॅनडातल्या तुझ्या शाळेत यंदापासून एका वर्गात दोन शिक्षिका उभ्या राहणार. त्यासाठी तीन दिवस ट्रेनिंग झालं आणि दोघींनी मिळून शिकवायचे पाच-सहा प्रकार तुम्हाला दाखवले. खाली विचारलंस, "आजी, तुमच्या वेळी असलं काही नसेल ना?" होतं. त्यातले चार प्रकार आम्ही एका पावसाळ्यात संपवले. ट्रेनिंग झालं नव्हतं, आणि दुसरी शिक्षिका माझी सासू होती. हे पत्र तुझ्या भावाला, रोहनलाही वाचून दाखव, कारण माझं अक्षर त्याला लागत नाही म्हणे. (माझं अक्षर छापल्यासारखं आहे. त्याला मराठी लागत नाही.)

तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, कोल्हापुरात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. मी लग्न होऊन आले ती इंग्रजी घेऊन बी.ए., बी.एड. होऊन, आणि दोन वर्षांनी त्याच शाळेत लागले. घरी त्यांना आई म्हणायचं, शाळेच्या फाटकात शिरलं की बाई. त्या मला घरी सुमन म्हणत आणि शाळेत "नव्या बाई". मी पुढे तीस वर्षांनी निवृत्त झाले तेव्हाही त्यांच्या लेखी नवीच होते. आठवी अ त्यांची, आठवी ब माझी.

जूनअखेर कोडोलीहून एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी शालन, शहरात आत्याकडे राहणार होती. शिक्षकांच्या खोलीत नेमक्या आम्ही दोघीच होतो. त्याने पटका सारखा केला आणि रोखठोक सांगितलं, "हे बगा बाई, दिवाळीपातुर बगतो. सहामाहीला विंग्रजीत पास झाली तर शिकू दे. न्हाय तर घरला न्हेतो. म्हशी हायत, धाकटी भावंडं हायत. लई काम पडलंय."

शालन बापामागे उभी राहून आमच्याकडे पाहत होती. तिचे डोळे काही सांगत होते असं मी लिहिणार नाही. ती फक्त मूठ घट्ट आवळून उभी होती.

"होईल पास," पणजी म्हणाल्या.

"नक्की होईल," मी म्हणाले.

दोघींनी एकाच वेळी जबाबदारी घेतली. आमचा सहअध्यापनाचा पहिला प्रयोग तो हाच, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

जुलैत आठवी बच्या छपराने दगा दिला. मुली वर्गात छत्र्या उघडून बसायला लागल्या तेव्हा कौलं उतरवायचं ठरलं, आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, दोन्ही वर्ग एका हॉलमध्ये बसवले. "तुम्ही दोघी एकाच घरातल्या, तुम्हाला जमेल," त्या म्हणाल्या. (मोठ्या बाई अविवाहित होत्या.)

मी मात्र कंबर कसली. लायब्ररीतल्या एका इंग्रजी मासिकात मी 'टीम टीचिंग'वर लेख वाचला होता. पट्टी घेतली, तीन रंगांच्या पेन्सिली घेतल्या आणि तासातल्या पस्तीस मिनिटांचा तक्ता आखला. संध्याकाळी तो पणजींसमोर ठेवला. त्या शेंगा सोलत होत्या.

"हे काय? एस.टी.चं टाइमटेबल?"

"आई, दोघींनी मिळून शिकवायचं कसं, ते आहे. पहिल्या पद्धतीत तुम्ही शिकवायचं आणि मी बाकांमधून फिरून मदत करायची."

"म्हंजे मी करणार आणि तू हाताशी."

"हो."

"मग त्याला तक्ता कशाला? घरात हाय तेच की."

ही पहिली पद्धत आठवडाभर चालली. फायदा खरा होता. मागच्या बाकावरची जी मुलगी कधी हात वर करत नसे, तिच्याशेजारी वाकून मला तिची अडचण कळायची. तोटा असा की मुलींनी माझी जागा ओळखली. कुणी माझ्याकडे शाई मागायला लागलं, कुणी म्हणालं बाई खिडकी लावा. शुक्रवारी पणजींनी शिकवता शिकवता न बघता हात मागे केला आणि म्हणाल्या, "पाणी." मी आणून दिलं. पूर्ण हॉलने पाहिलं.

दुसरी पद्धत, आळीपाळीने. पहिली सतरा मिनिटं त्यांची, एक मिनिट अदलाबदलीचं, पुढची सतरा माझी. यात एकीचा घसा दुखला तर दुसरी तयार, आणि मुलींनाही आवाजात बदल. कागदावर काही दोष नव्हता. पण पणजींच्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना घंटेशिवाय कुणी थांबवलं नव्हतं, आणि सासू बोलत असताना सून मध्ये बोलेल अशी आमच्या घराची रीत नव्हती. मी घड्याळाकडे पाहत दाराशी उभी राहायची. चार दिवसांत माझ्या वाट्याला एकूण नऊ मिनिटं आली, त्यातली तीन हजेरीची.

तिसऱ्या पद्धतीत दोघींनी एकदम शिकवायचं, आपापसात बोलून दाखवायचं. भाषेसाठी याहून चांगलं काय? मी छत्री उंच धरली.

"व्हॉट इज धिस, बाई?"

"छत्री."

"इंग्लिशमध्ये, बाई."

"तुम्हाला ठाऊक न्हाय का? मग पोरींना काय शिकवताय?"

हॉल हसून लोटपोट. मी पुस्तक धरलं, त्या म्हणाल्या, "ते फाटलंय, आधी चिकटवा." खरं सांगते, या पद्धतीत एकही मुलगी पेंगली नाही. शेजारच्या वर्गातल्या मुली खिडकीशी जमायच्या. पण आठवड्याने मोठ्या बाईंनी मला बोलावून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

म्हणून चौथी पद्धत. हॉलच्या दोन टोकांना दोन काळे फळे होते. निम्म्या मुली पूर्वेकडे तोंड करून पणजींकडे, निम्म्या पश्चिमेकडे तोंड करून माझ्याकडे. पणजी वाक्य वाचून मराठीत अर्थ सांगायच्या आणि घोकून घ्यायच्या. मी मराठीचा शब्द काढत नसे, वाक्यं बोलून घ्यायची. गलका होता, पण मुली कमी, लक्ष जास्त, आणि दोघींमध्ये चाळीस फुटांचं अंतर. आमच्या नात्याला इतकं मानवलेलं दुसरं काही मला आठवत नाही.

याद्या मी केल्या. हजेरीपटावरून, शाईने, दोन प्रती. आता माझी एक शिस्त तुम्हाला माहीत आहे: पेन्सिलीने लिहिलेलं मी कच्चं समजते. आणि उशिरा आलेल्या शालनची तुकडी अजून ठरायची होती, म्हणून तिचं नाव हॉलच्या एकत्र हजेरीपटाच्या तळाशी कारकुनाने पेन्सिलीने लिहिलेलं होतं.

शालन बसली हॉलच्या बरोबर मध्यावर, आडव्या बाकावर, भिंतीला टेकून. मला वाटलं, पणजींची मुलगी आहे, जागा नसेल म्हणून आडवी बसली. पणजींना वाटलं, माझी. मी त्यांना विचारलं नाही, कारण सासूला "ही तुमचीच ना?" विचारणं म्हणजे तुम्हाला तुमचा वर्ग माहीत नाही असं म्हणणं. त्यांनी मला विचारलं नाही, कारण त्यांनी आजवर कुणालाच काही विचारलं नव्हतं. दूध शेगडीवर होतं.

सप्टेंबरच्या मध्यावर एकदा जिन्यात पणजींनी मला अडवलं. "ती कोडोलीची पोरगी कशी हाय गं? बापाला शब्द दिलाय आपण."

"मला वाटलं, तुम्ही सांगाल."

"मी? तुझ्यातली हाय ती."

"बाई, तुमच्या यादीत आहे ती."

यादी काढली. मग माझी यादी काढली. मग दोघी जिन्यातच बसलो. सहामाहीला तीन आठवडे राहिले होते.

शालनला बोलावलं. पणजींनी विचारलं, "तू कुणाकडं शिकतीस गं?"

"मी कुणाच्यातच न्हाय की, बाई."

"मग इतके दिवस बोलली का न्हाईस?"

"कुणी इचारलंच न्हाय."

तिची वही पाहिली आणि माझ्या अंगावर काटा आला. प्रत्येक पानावर मधोमध वेडीवाकडी रेघ. डाव्या बाजूला पणजींचे अर्थ, उजव्या बाजूला माझी वाक्यं, मध्ये बाण, खाली-वर, गिचमिड. "एक कान हिकडं, एक कान तिकडं," तिने समजावलं. ऑगस्टच्या चाचणीचं विचारलं तर म्हणाली, पेपर दिला होता. तो पेपर आम्ही माझ्या गठ्ठ्यात शोधला, पणजींच्या गठ्ठ्यात शोधला, कपाटामागे शोधला. मिळाला नाही.

"हरवला तेच बरं," पणजी म्हणाल्या. "पोरीची अब्रू वाचली. आता बघ, मी काय करते."

"आपण काय करतो," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून शालन रोज शाळा सुटल्यावर आमच्या घरी. एक मुलगी, दोन अनुभवी शिक्षिका. मी आधी ती वही काढून घेतली आणि बासनात बांधून माळ्यावर टाकली. नव्या दोन वह्या केल्या: निळं कव्हर माझं, तपकिरी पणजींचं. एकीतलं दुसरीत जायचं नाही. मी तक्ताही केला, आणि या वेळी पणजी त्याला काही बोलल्या नाहीत, फक्त त्यात सगळीकडे अर्धा तास वाढवून घेतला.

स्वयंपाकघरात ओट्याशी पणजी "अर्थ सांग" म्हणायच्या, माजघरातून मी "स्पीक इन इंग्लिश" म्हणायची. शालन उंबऱ्यावर. तुमचे आजोबा ऑफिसातून येऊन चपला काढून चहाची वाट पाहत बसायचे. आठवडाभर त्यांनी काही म्हटलं नाही, मग म्हणाले, "तिला एक मिनिट गप्प बसू द्या की."

"परीक्षा आली तोंडावर," पणजी म्हणाल्या.

"तुम्ही मध्ये पडू नका," मी म्हणाले. या एका बाबतीत आमचं पूर्ण एकमत होतं.

शेवटच्या आठवड्यात शालनला मी साधं "गुड ईव्हनिंग" म्हटलं तरी ती आधी पणजींकडे बघायची. मी मात्र डगमगले नाही. पोरगी म्हशींमागे जाणार नाही म्हणजे नाही.

सहामाही झाली. भांडण नको म्हणून तिचा पेपर दोघींनी एकत्र तपासला. पन्नासपैकी सत्तावीस. पासाला अठरा लागायचे. पणजींनी तीनदा बेरीज केली आणि पदराने चष्मा पुसत बसल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी लावली.

दिवाळीआधी कोडोलीहून बाप आमच्या घरी आला, गुळाची ढेप घेऊन.

"पास हाय व्हय?"

"सत्तावीस मार्क," पणजी म्हणाल्या, "आमच्याकडं तीन आठवडे होती."

त्याने आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "दोन-दोन बाया एका पोरीमागं लागल्यात, मग काढू कशी? शिकू दे की." शालनने मूठ सोडली. हे मला स्पष्ट आठवतं, कारण तिच्या मुठीत कायम खडूचा तुकडा असायचा आणि तो तेव्हा आमच्या ओसरीवर पडला.

छपराचं काम संपलं आणि दिवाळीनंतर आम्ही आपापल्या वर्गात परतलो. हॉलमधलं कपाट रिकामं करताना माझ्या हाती एक फाइल आली. माझ्याकडे प्रत्येक कागदाला जागा आहे. ज्याला नाही त्याच्यासाठी एक फाइल, 'संकीर्ण'. ती मी कधी उघडत नाही, कारण माझ्याकडे संकीर्ण असं काही नसतंच. आत एक पेपर होता. ऑगस्टच्या चाचणीचा, कोणत्याच यादीत न बसलेला, मीच शिस्तीत ठेवलेला.

घरी आणला. पणजी आणि मी जेवणाच्या पाटांवर शेजारी शेजारी बसून तो तपासला. अर्थ बिनचूक, त्यांच्या शब्दांत. वाक्यं सरळ, माझ्या पद्धतीची. हात आखडता घेऊन मार्क दिले. पन्नासपैकी एकतीस.

पणजींनी बेरीज पुन्हा केली. एकतीसच.

"सहामाहीचा पेपर जरा अवघड होता," मी म्हणाले.

"काढला कुणी होता?"

"मीच."

आजोबा दारातून म्हणाले, "म्हणजे दोघींनी तीन आठवडे जिवाचं रान करून चार मार्क कमी केले."

पणजींनी त्यांना चहा मिळणार नाही असं सांगितलं आणि मला म्हणाल्या, "सुमन, माळ्यावरची ती वही काढ. उद्या दे पोरीला." मग थोड्या वेळाने, "आणि हे कुणाला बोलायचं न्हाय."

बोलले नाही. शालन पुढे शिकली, गडहिंग्लजला इंग्रजीची शिक्षिका झाली. दर दिवाळीला तिचं पत्र येतं, "बाई, तुम्ही दोघी नसता तर मी आज म्हशींमागे असते." पणजींनी हयात असताना ते कधी नाकारलं नाही, मीही दरवर्षी आशीर्वाद कळवते. तेव्हा मृण्मयी, दोघी मिळून जरूर शिकवा, एकीचं न कळलेलं दुसरीकडून कळतं, हे मी त्या वहीत पाहिलं आहे. फक्त मूल कुणाचं ते रोज तोंडाने विचारून घ्या, आणि त्याची वही काढून घेऊ नका.

तो एकतीस मार्कांचा पेपर अजून माझ्याकडे आहे. 'संकीर्ण'मध्ये. तिथे कुणी पाहत नाही, हे मला अनुभवाने माहीत आहे.