सीझनभर बाहेर

आमच्या पेठेत फुटबॉलवर मत नसलेला माणूस शोधूनही सापडला नसता. दूधवाला, शिंपी, पानपट्टीवाला, सगळ्यांना ऑफसाइड कळायचा. बायकांना तेवढा कळत नाही, असं गृहीत धरलेलं. मी मात्र प्रत्येक मॅचला माझ्या वडिलांबरोबर, आबांबरोबर, स्टेडियमवर जायची आणि पायऱ्यांवर बसून घसा बसेपर्यंत ओरडायची. "पोरीला कशाला आणताय हिकडं?" असं कुणी विचारलंच, तर आबा म्हणायचे, "मी कुठं आणतोय? तीच मला घिऊन येती." आणि ते अगदी खरं होतं.

आमचं घर तालमीच्या समोर आणि तालमीचा कट्टा आमच्या खिडकीखाली. तालीम नावाला कुस्तीची, पण जीव सगळा फुटबॉल टीममध्ये. मॅच दीड तासात संपायची, कट्ट्यावर ती आठवडाभर चालायची. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, त्या टीमचा बॅक. त्यामुळं खाली काय चाललंय ते ऐकायला मला खिडकीत बसायची चोरी नव्हती.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा दादाचा पाय मोडला. शेजारच्या पेठेच्या एका खेळाडूनं बॉल निघून गेल्यावर मागून दोन्ही पाय घातले आणि नडगीचे दोन तुकडे झाले. हाड मोडल्याचा आवाज पायऱ्यांपर्यंत आला असं लोक अजून सांगतात. मला काही ऐकू आलं नव्हतं, मी ओरडत होते. स्पर्धा भरवणाऱ्या कमिटीनं त्या खेळाडूला दोन मॅचची बंदी घातली. फक्त दोन!

कट्टा पेटला. एक म्हणाला, सहा मॅच पाहिजेत. दुसरा म्हणाला, आयुष्यभर. कुणीतरी म्हणालं, मुद्दाम घातला की चुकून, ते आधी बघायला पाहिजे. त्याच्यावर बाकीचे तुटून पडले. "चुकून दोन्ही पाय येत्यात व्हय रं?" शेवटी तालमीच्या वस्तादांनी तोडगा काढला. सगळी पेठ त्यांना वस्ताद म्हणायची आणि त्यांचा शब्द शेवटचा असायचा. ते म्हणाले, "आपल्या पोराचा सीझन गेला. मग घालणाऱ्याचाबी सीझन जाऊ दे. ह्यात काय चूक हाय?" ह्यात काहीच चूक नव्हती. मला ते इतकं पटलं, की मी वरून खिडकीतूनच टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी हलगी घेऊन अख्खी पेठ कमिटीच्या दारात गेली. "सीझनभर बाहेर! सीझनभर बाहेर!" मीही गेले, आणि माझा आवाज कुणापेक्षा कमी नव्हता. कमिटी नमली. पाय मोडला तर घालणारा सीझनभर बाहेर, हा नियमच झाला.

मग शेजारच्या पेठेची माणसं मिटवायला आली. आमच्याकडं मिटवामिटवीची एक रीत होती. ज्यानं लागट केलं, म्हणजे समोरच्याला इजा केली, त्याच्या तालमीत तांबडा-पांढरा रस्सा शिजायचा आणि मार खाल्लेल्याला जेवायला बोलवायचे. रस्सा पुरुष करायचे, पण भाकऱ्या पेठेतल्या घराघरांतून यायच्या. पहिली भाकरी त्या खेळाडूच्या स्वतःच्या घरची. ती त्यानं आपल्या हातानं मोडून समोरच्याच्या ताटात घालायची आणि म्हणायचं, "आमच्या घरची हाय, खा." त्यानं खाल्ली की मिटलं. मग दोन्ही पेठा मिळून कमिटीकडं जायच्या, आणि भांडण नको म्हणून कमिटीही बंदी मागं घ्यायची. वस्तादांनी त्यांना कट्ट्यावरूनच परत पाठवलं. "पोरगं खाटंवर पडलंय आमचं. जेवायचं कसलं डोंबलाचं?" पेठेला काय अभिमान वाटला त्यांचा! मलाही वाटला.

दादाचा पाय सरळ झाला. पुढच्या सीझनला तो परत उतरला. त्या साली एका कारखान्याची टीम खेळाडू हेरत होती. निवड झाली की नोकरी पक्की, आणि घरात सगळ्यांचे डोळे तिकडं लागलेले. दादाला लोकांना दाखवायचं होतं, की पाय मोडूनही तो होता तसाच आहे. हे मला समजत होतं.

पण त्या दिवशी त्यानं जे केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. समोर शेजारच्याच पेठेची टीम. त्यांच्याकडून कोडोली गावाचं एक पोरगं विंगला खेळायचं, वाऱ्यासारखं पळायचं. दोनदा त्यानं दादाला हुलकावणी दिली. तिसऱ्या वेळी बॉल पुढं निघून गेला होता, कधीच गेला होता, आणि दादानं मागून दोन्ही पाय घातले. मी ओरडायची थांबले. आबा डोक्याला हात लावून बसले. कमिटीनं त्याच संध्याकाळी नियम लावला. दादा सीझनभर बाहेर.

आणि मग आमच्या कट्ट्याचं तोंड फिरलं. खिडकीखाली मी ऐकतेय, तर तीच माणसं, तोच कट्टा, आणि बोलणं भलतंच. खेळात असं होतंच. बॉलवरच घातला होता. कोडोलीचंच पोरगं आडवं आलं. एका मॅचची बंदी लई झाली. मला खिडकीत बसवेना. मी खाली उतरले.

"गेल्या साली काय ठरलं हुतं?" मी वस्तादांना विचारलं.

"तवाची गोष्ट येगळी हुती, पोरी."

"का? ती नडगी येगळी हुती व्हय?"

हसणारे हसले. वस्ताद म्हणाले, "सख्खा भाऊ हाय तुझा. जरा इचार करून बोल." मी म्हणाले, "इचार तुम्हीच केलासा की गेल्या साली. मी निस्त्या टाळ्या वाजवल्या." त्या दिवसापासून पेठेत मी आगाऊ ठरले.

दोन दिवसांनी मी दवाखान्यात गेले. त्या पोराचा पाय टांगलेला होता, उशाशी त्याची आई. मी कोण ते सरळ सांगून टाकलं. बाई भांडेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "तुझ्या भावाचा पाय नीट बसला न्हवं?" पोरगं म्हणालं, "रविवारी तुमच्या तालमीत जेवण हाय म्हणं. मला नेणार हाईत गाडीनं." मी विचारलं, "तू जाणार हाईस?" तो म्हणाला, "मला इचारलं न्हाय कुणी. सांगून गेले."

घरी येताना सगळं लख्ख दिसलं. शेजारच्या पेठेच्याही एका खेळाडूवर बंदी होती. आत्ता त्यांनी आमचं मिटवू द्यायचं, त्याच्या वेळी आम्ही त्यांना साथ द्यायची, असा हिशेब दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी केलेला. कोडोलीचं पोरगं दोन्ही पेठांतलं कुणाचंच नव्हतं. त्याच्यासाठी हलगी घेऊन कोण जाणार होतं?

रविवारी सकाळी आई पीठ काढायला उठली. तिला ते पटत नव्हतंच, पण पोराची नोकरी दिसत होती. मी परात ओढून घेतली. "ह्या घरातनं भाकरी जायची न्हाय," मी म्हणाले. आई माझ्याकडं बघत राहिली. आबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बरोबर हाय ती." दादा दारात उभा होता.

"तू कुणाची भैण हाईस?" त्यानं विचारलं.

"तुझीच. तुझा पाय मोडला तवा गल्लीत बोंब मारत गेलते. आता तू मोडलास, तर गप बसू व्हय?"

"माझी नोकरी जाईल, कळतंय का तुला?"

"कळतंय," मी म्हणाले, आणि ते कळत असताना म्हणाले. मला रडायला येत होतं, पण परात मी सोडली नाही.

तो निघून गेला. मग समजलं, की वस्तादांनी शेजारच्या काकूंकडून भाकऱ्या घेऊन कापडात बांधून त्याच्या हातात दिल्या. कुणाच्या घरची भाकरी, कोण बघायला बसलंय! समोर तालमीत पंगत बसली. रस्स्याचा वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येत होता आणि मी रिकाम्या परातीपुढं बसून होते.

कारखान्यानं त्या साली दुसरी पोरं घेतली, ते इथंच सांगून टाकते. दादा पुढं रिक्षा चालवायला लागला. मी भावाची नोकरी घालवली असं पेठेतले लोक आजही म्हणतात, लग्नकार्यात माझ्या तोंडावर म्हणतात. खुशाल म्हणा. त्या दिवशी परात माझ्या हातात होती आणि आज असती, तरी मी हेच केलं असतं.

तर त्या दुपारी पंगत बसली, आणि थोड्याच वेळात दादा घरी आला. हात कोरडे होते. चुलीजवळ भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "वाढ काहीतरी. भूक लागलीय."

"तिथं जेवला न्हाईस?"

त्यानं ताट पुढं ओढलं. मग तुटक तुटक सांगत गेला. पोराला दोघांनी उचलून आणून पंगतीत बसवलं, पाय समोर लांब. दादानं भाकरी मोडली, त्याच्या ताटात घातली आणि म्हणायचं ते त्याच्या तोंडातून निघेना. सगळे वाट बघत राहिले. वस्ताद म्हणाले, "म्हण की." तेव्हा तो म्हणाला, "ही आमच्या घरची न्हाय. माझी भैण न्हाय म्हणाली." पोरानं ताट हळूच पुढं सरकवलं. "मग माझं अजून मिटल्यालं न्हाय," एवढंच म्हणालं. दोन्ही पेठांची माणसं मान खाली घालून रस्सा खात राहिली.

मी पीठ घेतलं, पाणी घातलं, मळायला लागले. दादा माझ्या हातांकडं बघत होता. राग गेलेला नव्हता, तो पुढं कित्येक महिने गेला नाही.

"सीझनभर बसतो," तो म्हणाला. "पण पुढच्या साली मी खेळणार हाय. तवा तू तोंड बंद ठेवायचं."

"नीट खेळलास तर ठेवीन. कुणाची नडगी फोडलीस, तर कट्ट्यावर पयली मीच येणार."

मी भाकरी त्याच्या ताटात टाकली. त्यानं ती गरम गरमच मोडली, बोटं भाजली तरी सोडली नाही, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "ये की."